अठरा तासांचा अभ्यास आणि सतरा वर्षांचे शरीर

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमधल्या विहारांच्या फळ्यावर एक सूचना हमखास लागते – जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यास. सकाळी सहाला मुले-मुली पुस्तके घेऊन येतात आणि रात्री बाराला उठतात. मधल्या वेळेत महिला मंडळाच्या ताई पोहे, चहा, खिचडी आणून देतात. बाबासाहेबांना पुस्तकाने अभिवादन करण्याची ही पद्धत आम्हाला मनापासून आवडते. वस्तीतली लहान पोरे दारातून डोकावून पाहतात आणि मोठे झाल्यावर आपणही तिथे बसायचे असे ठरवतात. एका दिवसाचा हा कार्यक्रम आहे तोवर या पानाला त्याविषयी काही म्हणायचे नाही.

म्हणायचे आहे ते दुसऱ्या दिवसापासूनच्या गोष्टीविषयी. बारावी सायन्सला असलेल्या, सीईटीची किंवा जेईईची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरात हाच आकडा मग वर्षभर मानगुटीवर बसतो. "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तुला बारा तास बसवत नाही?" कधी वडील म्हणतात, कधी मामा, कधी क्लासचे सर. हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारा मुलगा सतरा वर्षांचा असतो. तो रात्री दोनला झोपतो, सहाला उठतो आणि दिवाळी संपेपर्यंत त्याची अशी अवस्था होते की साधी वजाबाकी चुकते. आरोग्य शिबिरांत अशी मुले आम्हाला दरवर्षी भेटतात. तक्रारी ठरलेल्या असतात – डोके दुखते, पित्त होते, वाचलेले लक्षात राहत नाही. आणि मागतात काय, तर स्मरणशक्तीचे औषध.

असे औषध नसते. दुकानात त्या नावाने मिळणाऱ्या बाटल्यांवर शे-पाचशे रुपये घालवण्यापेक्षा तेवढ्या पैशांची अंडी आणा, असे आम्ही सांगतो तेव्हा काही पालक नाराज होतात. पण या लेखातला मुख्य मुद्दा तोच आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला पुस्तकाइतकेच शरीर बसते आणि आपल्या घरांत त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

आधी परीक्षेचे स्वरूप नीट पाहू. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, त्यांनाही ९० मिनिटेच. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवरचे, २० टक्के अकरावीवरचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीच्याला १ जातो. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत किंवा झोपेच्या गुंगीत चुकला, तर नुकसान एका गुणाचे नसते, पाचाचे असते. असे पाच प्रश्न गेले की २५ गुण गेले. सराव परीक्षेचे पेपर घरी तपासून पाहा. न आलेल्या प्रश्नांपेक्षा येत असूनही चुकलेल्या प्रश्नांची संख्या पाहून बहुतेक मुले चकित होतात. चिन्ह उलटे घेतले, एकक बदलायचे राहिले, 'चूक विधान ओळखा' हे 'बरोबर विधान ओळखा' असे वाचले. या चुका आणखी दोन तास जागून कमी होत नाहीत. जागून त्या वाढतात.

आता बाबासाहेबांच्याच अभ्यासाकडे येऊ, कारण अठरा तासांचा दाखला देताना त्यांच्या विद्यार्थिदशेतली एक गोष्ट आपण अर्धीच सांगतो. मॅट्रिकच्या अभ्यासाच्या वेळी हे कुटुंब परळला चाळीतल्या एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सामान, तिथेच सगळ्यांचे झोपणे. रात्री दोनला उठून भीमराव दिव्याच्या उजेडात अभ्यास करत, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण त्या आधी काय होत असे, तेही चरित्रात आहे. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपायला लावत. स्वतः दोन वाजेपर्यंत जागत. मग त्याला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. दोघांना एका वेळी पुरेल एवढी जागाच नव्हती. म्हणजे आज आपण ज्याला 'जागरण' म्हणतो त्याच्या आधी झोप होती, आणि ती झोप मिळावी म्हणून बाप जागत होता. या गोष्टीतून पालकांनी घ्यायचे ते हे, असे आमचे मत आहे. मुलाला किती तास बसवले याचा हिशोब ठेवण्याआधी त्याला किती तास झोपू दिले याचा ठेवा.

दुसरे असे की कोलंबियाला गेले तेव्हा बाबासाहेब २२ वर्षांचे होते. ग्रंथालयातली ती अखंड बैठक प्रौढ माणसाची होती, वाढीच्या वयातल्या मुलाची नव्हती. आणि तिची किंमतही त्यांनी मोजली. मधुमेहाने आणि सांधेदुखीने अखेरच्या वर्षांत त्यांचे किती हाल केले, हे आपल्यापैकी जुन्या लोकांनी घरात ऐकलेले आहे. ६५व्या वर्षी ते गेले. त्यांच्या कष्टांपुढे नतमस्तक व्हावे. पण त्यांचे आजार आपल्या लेकरांनी वारशात घ्यावेत असे कोण म्हणेल?

झोपेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठी चोरी तिथे होते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. दिवसभरात वाचलेले, सोडवलेले मेंदू पक्के करतो ते झोपेत. ताज्या गोष्टी तात्पुरत्या जागी ठेवलेल्या असतात, त्या कायमच्या जागी लावण्याचे काम रात्री चालते. झोपच कापली तर माल दारात पडून राहतो. म्हणून रात्री दोनपर्यंत वाचलेले प्रकरण सकाळी 'कधी वाचलेच नव्हते' असे वाटते. आणखी एक गोष्ट. या वयात शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते, झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. 'आळशी झालाय' म्हणून जे बोलले जाते त्यात बराच भाग या घड्याळाचा असतो.

"आठ तास झोपला तर अभ्यास कधी करणार?" हा प्रश्न येतोच. हिशोब करून पाहा. आठ तास झोप. कॉलेज आणि क्लास मिळून सात तास. जाण्या-येण्यात दीड तास. अंघोळ, जेवण, इतर दोन तास. झाले साडेअठरा. उरले साडेपाच. रोज साडेपाच तास, तेही ताज्या डोक्याने, स्वतः पेन हातात घेऊन – हा पुष्कळ अभ्यास आहे. अकरावीच्या सुरुवातीपासून हे जमले तर दोन वर्षांत काही शिल्लक राहत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये आणि आठवड्याला एक सुट्टी द्यावी असे आहे. तुमच्या मुलाचा क्लास किती तास चालतो ते विचारा, आणि विचारताना या सूचनांचा उल्लेख करा.

मात्र या साडेपाच तासांचा हिशोब मुलींच्या बाबतीत चुकतो, हे स्पष्ट लिहायला हवे. पाणी भरणे, भांडी, लहान भावंडाला सांभाळणे, आई कामावर असेल तर संध्याकाळचा स्वयंपाक – यात दीड-दोन तास सहज जातात. मग ती भरपाई झोपेतून करते. भाऊ त्याच वर्गात असेल तर तो क्रिकेट खेळून येतो आणि तीच परीक्षा देतो. दोन वर्षे कामांची वाटणी बदला. भावाने भांडी घासली तर काही बिघडत नाही.

एका खोलीच्या घरात शांत झोप आणि शांत अभ्यास, दोन्ही अवघड. त्यावर प्रत्येक घर आपला तोडगा काढते. आम्हाला चालताना दिसलेले दोन आहेत. पहिला, मूल साडेनऊला झोपते आणि साडेपाचला उठते. त्यासाठी नऊनंतर टीव्ही बंद ठेवावा लागतो. मालिका आईला सोडावी लागते आणि बातम्या बापाला. दुसरा तोडगा, मूल रात्री दहापर्यंत विहारात किंवा नगरपालिकेच्या अभ्यासिकेत बसते, अकराला घरी झोपते आणि सातला उठते. तोवर घरातल्यांनी भांड्यांचा आवाज करायचा नाही. यांतला कोणता हे मुलाच्या स्वभावावर ठरवा. पण ठरलेली वेळ रोज बदलू नका. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून आठवड्याची थकबाकी फिटत नाही. दुपारी वीस-तीस मिनिटे डोळे मिटले तर चांगलेच. चहा दुपारी चारनंतर नको; चहा-कॉफीतला उत्तेजक अंश पाच-सहा तासांनीही निम्मा रक्तात असतो. मोबाइलवर व्याख्याने पाहावी लागतात हे खरे, पण झोपताना मोबाइल आईच्या उशाशी ठेवा. मुलाच्या उशाशी असला की साडेअकराचे दीड वाजतात. ते त्यालाही कळत नाही.

उरलेल्या वेळात अभ्यास कसा करावा यावर मोठमोठी पुस्तके आहेत. आम्ही थोडक्यात सांगतो. वाचत राहणे म्हणजे अभ्यास नव्हे. पुस्तक मिटायचे, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहायचे. हेच दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करा. त्यात उत्तर नको, चूक का झाली ते एका ओळीत लिहा. परीक्षेच्या आदल्या महिन्यात ही वही कुठल्याही जाड गाइडपेक्षा उपयोगी पडते. पुस्तके कमी ठेवा. सीईटीसाठी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके, जेईईसाठी एनसीईआरटीची, त्यावर एखादा प्रश्नसंच आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. क्लासची फी परवडत नसेल तर आयआयटी कानपूरच्या मदतीने केंद्राने सुरू केलेले 'साथी' हे संकेतस्थळ मोफत आहे. त्यावर व्याख्याने आणि सराव परीक्षा आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी लक्षात ठेवा, जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. सीईटीत गणित मात्र इंग्रजीतच असते आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी-हिंदीतच. म्हणून गणितातले इंग्रजी शब्द अकरावीपासून वहीच्या मागे लिहीत चला. शेवटच्या महिन्यात भाषेची भीती आणि विषयाची भीती एकत्र झाली की पोटात गोळा येतो तो वेगळाच.

ताट आणि रक्त

गरीब घरातही चांगले ताट होते. त्याला बदाम लागत नाहीत. मोड आलेली मटकी किंवा मूग, हरभरे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, डाळ, पालेभाजी, नाचणी किंवा बाजरीची भाकरी, आठवड्यातून तीन-चार अंडी, जमेल तेव्हा मासे-मटण. आपल्याकडे मांसाहाराची लाज बाळगण्याचे कारण नाही. खाटकाकडची कलेजी हा लोहाचा फार उत्तम आणि स्वस्त साठा आहे. सकाळी उपाशी क्लासला जाणे ही सर्वांत वाईट सवय. लातूर, नांदेड, पुण्याला खोली करून राहणारी मुले मेसचा डबा अकराला येतो म्हणून तोवर चहा-बिस्किटावर काढतात. त्यांच्या बॅगेत आईने भाजलेले शेंगदाणे, सातूचे किंवा नाचणीचे पीठ बांधून द्यावे.

मुलींच्या रक्ताविषयी मात्र आम्ही हात जोडून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींची स्थिती त्याहून बरी नाही. हिमोग्लोबिन १२च्या खाली गेले की तो रक्तक्षय. त्यात काय होते? जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, हातपाय गार पडतात, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात आणि एका जागी लक्ष लागत नाही. शेवटचे लक्षण घरात 'अभ्यासात मन नाही' म्हणून खपते. किती तरी मुलींनी याच कारणाने बोलणी खाल्ली असतील. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. शाळा-अंगणवाडीतून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती पिशवीत साठवून ठेवू नका, जेवणानंतर घ्या. तिने शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचे नाही. गोळी किंवा जेवण झाल्यावर तासभर चहा नको, चहाने लोह शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले शोषले जाते. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही घ्यावी.

पाळीची तारीख परीक्षेच्या दिवशी येणार असेल तर मैत्रिणीच्या सांगण्यावरून पाळी पुढे ढकलणारी गोळी घेऊ नये. दुखत असेल तर कोणती गोळी चालते हे डॉक्टरांना विचारून आधीच्या दोन पाळ्यांत वापरून पाहावी, म्हणजे परीक्षेच्या दिवशी नवा प्रयोग होत नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, जी परीक्षेच्या कोणत्याच मार्गदर्शनात सापडत नाही. सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार आहे. मुलाची तपासणी झाली नसेल तर बारावीच्या आधी करून घ्या. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. 'एसएस' म्हणजे रुग्ण. अशा मुलाने अभ्यासासाठी जागरण केले, पाणी कमी प्यायले, हिवाळ्यात पहाटे उघड्यावर गारठला की हाडे-सांधे फुटल्यासारखे दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि तो जानेवारीच्या जेईईच्या आठवड्यात आला तर वर्ष जाते. त्याच्यासाठी झोप, पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी हाच अभ्यासाचा पहिला तास समजा. लोहाची गोळी त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्याचा रक्तक्षय निराळ्या प्रकारचा असतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरले तर प्रवेशात दिव्यांगांच्या राखीव जागांचा लाभ घेता येतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळते. हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

डोळ्यांचे थोडक्यात: फळ्यावरचे धूसर दिसत असेल, कपाळ दुखत असेल तर नंबर तपासा. चष्म्याने मुलीचे लग्न अडत नाही. जमिनीवर बसून अभ्यास करताना पुस्तक मांडीवर ठेवल्याने मान मोडते. समोर पाट, पत्र्याची पेटी, काहीही उंच ठेवा. तासाने उठून पाच मिनिटे चालायचे.

पेपरचा दिवस

जेईई सकाळी नऊला किंवा दुपारी तीनला सुरू होते. ज्याचा मेंदू वर्षभर रात्री एकला जागा राहायला शिकला, तो दुपारी तीनला पेंगणारच. म्हणून शेवटचे दोन महिने आठवड्यातून दोन सराव परीक्षा घड्याळ लावून, त्याच वेळी, संगणकासमोर द्या. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ओळखीच्या सायबर कॅफेत. माऊस हातात धरायची सवय नसलेली मुले पहिली दहा मिनिटे गोंधळण्यात घालवतात. आदल्या रात्री नवे काही वाचू नये. नेहमीचे जेवण, नेहमीची झोप. सकाळी पोट भरेल पण जड होणार नाही असे – भाकरी-भाजी, उपमा, अंडे. बाहेर लघवीला जावे लागेल म्हणून पाणीच न पिणारी मुले आहेत, मुली जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात त्याने डोके दुखते आणि पेपरच्या दुसऱ्या तासात डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रवेशपत्रावर परवानगी असेल त्याप्रमाणे पारदर्शक बाटली जवळ ठेवा. केंद्र दूर असेल तर आदल्या दिवशी एकदा जाऊन या.

मनावरचे ओझे

आपल्या मुलांवर एक ओझे इतरांपेक्षा जास्त असते, ते लपवून उपयोग नाही. 'तुला काय, तुला कमी मार्कांत मिळेल' हे वर्गात, क्लासमध्ये, कधी शिक्षकांकडूनही ऐकावे लागते. मूल घरी येऊन सांगत नाही. एकदम क्लास बदलायचा म्हणते किंवा सराव परीक्षा चुकवू लागते. त्याला विचारा, काय ऐकलेस? उत्तरही तयार ठेवा. राखीव जागा घटनेने दिल्या आहेत, त्या कुणाच्या खिशातून काढलेल्या नाहीत, आणि आत गेल्यावर पेपर सगळ्यांना सारखाच असतो. प्रवेश मिळाल्यावरही हे संपत नाही. मुंबईच्या आयआयटीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या की कुणाला त्याची रँक किंवा जात उघड करणारे प्रश्न विचारू नयेत. संस्थेला असे लिहून लावावे लागले, यावरूनच काय ते समजा. म्हणून पोराला एकटे पाठवू नका. त्या कॉलेजात शिकत असलेल्या आपल्या दादा-ताईचा नंबर आधी मिळवा. वस्तीतून इंजिनिअर झालेली मुले आहेत. त्यांना जयंतीला हार घालून स्टेजवर बसवतो तसे एखाद्या रविवारी अकरावी-बारावीच्या पोरांसमोर बसवा.

घरातले ओझे वेगळे. 'तुझ्यासाठी कर्ज काढले' हे रोज सांगायचे नसते; त्याला ते माहीत असते. झोप पूर्ण उडाली, जेवण सुटले, मित्र तोडले, वस्तू वाटून टाकू लागला, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलला, तर टोमणा मारू नका, सरळ विचारा – जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा.

आणि मुलाला खरोखर सांगा की वाट एकच नाही. दहावीनंतर किंवा बारावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. कमी खर्चात, हातात कामाचे कौशल्य घेऊन गेलेली ती मुले पुढे चांगली निघतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पुन्हा एक वर्ष द्यायचे की नाही हा निर्णय निकालाच्या दिवशी घेऊ नये. आठवड्याने, नीट जेवून-झोपून घ्यावा.

कागदपत्रांचा उल्लेख आरोग्याच्या पानावर करतो याचे आश्चर्य वाटू देऊ नका. जून-जुलैत रक्तदाब वाढलेले जे पालक आमच्याकडे येतात, त्यांतले बरेच जात पडताळणीच्या रांगेतून आलेले असतात. अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे करा. जेईईसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तो वेगळा काढावा लागतो. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नवा काढा. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती आहे; त्यावर असेल तर फ्रीशिप. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. हे सगळे मुलाने करायचे नाही. त्याच्या वाट्याला अभ्यास, बाकी रांगा मोठ्यांनी लावायच्या.

शेवटी मंडळांच्या कार्यकर्त्यांशी थोडे बोलायचे आहे. जेईईचे दुसरे सत्र एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येते, सीईटी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे आपल्या जयंतीच्या ऐन गर्दीत. एका बाजूला अठरा तास अभ्यासाचा फलक आणि दुसऱ्या बाजूला आठ दिवस आधीपासून रात्री साडेअकरापर्यंत डीजेच्या भिंती, असे चित्र किती वस्त्यांत आहे ते तुम्हालाच माहीत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा देशाचा नियम २००० सालापासून आहे. सणासुदीला काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ती मागितलीच पाहिजे असे नाही. यंदा वर्गणी गोळा करायला घरोघर जाल तेव्हा एवढे विचारून या, की तुमच्या घरी कुणी परीक्षेला बसले आहे का आणि पेपर कोणत्या तारखेला आहे. त्या तारखा वहीत लिहा. एका गल्लीत चार पोरे निघाली, तर त्या चार रात्री दहाच्या आधी आवाज बंद. त्याच वर्गणीतून विहाराच्या सभागृहात दोन पंखे, चार ट्यूबलाइट, पिण्याच्या पाण्याचे मडके आणि मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह होऊ शकते. सभागृहाची किल्ली एकाच पदाधिकाऱ्याच्या घरी असते आणि तो गावाला गेला की आठ दिवस कुलूप, ही तक्रार आम्ही निदान दहा ठिकाणी ऐकली. किल्लीच्या तीन प्रती काढायला शंभर-दीडशे रुपये लागतात. एक प्रत बारावीच्या एखाद्या मुलीच्या आईकडे द्या.